विदर्भातल्या गावांतून अस्सल वस्तू कुठून आणि कशा पारखून घ्याव्यात?

सातपुडा_फेरी
डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सहा माणसं, एक गाडी, सात दिवस. मार्ग असा: नागपूर, भंडारा, पवनी, नागभीड, ताडोबा (मोहर्ली), वर्धा, परतवाडा, मेळघाट.
घ्यायचं आहे: कोशाच्या (टसर रेशमाच्या) दोन साड्या, रोज वापरता येतील अशी बांबूची आणि मातीची भांडी, पितळेचा एखादा गंज (पातेलं), पोरांसाठी लाकडी बैल, शिवाय मिरची, हळद, तांदूळ. रिसॉर्टच्या दुकानातलं नको, जिथं वस्तू बनते तिथून हवं. कुठे थांबायचं, काय विचारायचं आणि फसगत कशात होते तेवढं सांगा.

धोटा
कोशापासून सुरू करतो. यादीत सगळ्यात महाग तेच, आणि फसवणूकही तिथंच जास्त.

भंडाऱ्याहून तुमसर रस्त्यानं मोहाडी, तिथून आंधळगाव. कोष्ट्यांची जुनी वस्ती. पवनी आणि नागभीड तर तुमच्या वाटेवरच आहेत. मोठी पाटी असलेलं दुकान शोधू नका, मागाचा आवाज येतो त्या घरी विचारा. मागावर चढलेलं कापड पाहायला मिळालं की निम्मी पारख तिथंच होते.

इकडची खूण म्हणजे करवत काठ. 'करवत काटी' या नावानं त्याला भौगोलिक मानांकनही आहे. करवतीच्या दातांसारखा हा काठ तीन धोट्यांनी (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन) विणतात: एक धोटा अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. अंगाचा धागा काठात शिरत नाही, काठाच्या धाग्याशी गुंतून मागे फिरतो. म्हणून काठाचा रंग भरीव राहतो आणि दाते उलट्या बाजूनंही तसेच दिसतात. एकाच धोट्यानं विणलं तर अंगाचा बाणा (आडवा धागा) काठातून आरपार जातो, रंग मिसळतो, काठ मळकट दिसतो. तेव्हा साडी आधी उलटी करा. दुकानदार सुलटी बाजूच पुढे करत राहिला तर समजून जा.

काठ सुती निघाला म्हणून साडी खोटी समजू नका. कोशाचं अंग आणि सुती काठ ही जोडी जुनीच आहे.

आता धागा. जाळून बघण्याची परीक्षा सगळ्यांना माहीत असते: रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटानं चुरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पण लोक पदराच्या गोंड्यातला धागा तोडून जाळतात आणि तिथंच चुकतात. गोंड्यात फक्त ताण्याचे (उभे) धागे असतात. ताणा खरा आणि बाणा नकली असं कापड असलं तर ही परीक्षा ते सहज पास होतं. ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा, असे दोन्ही धागे काढा आणि वेगवेगळे जाळा.

कोशाचा नैसर्गिक रंग मधासारखा किंवा फिका बदामी. धाग्यात मध्येच जाड-बारीक येतं, तो दोष नाही. उलट सगळीकडे सारखा गुळगुळीत आणि चकचकीत धागा असेल तर प्रश्न विचारा. फार भडक रंग कोशावर तुतीच्या रेशमासारखा चढत नाही.

नागभीड_फाटा
धोटाभाऊंना एक पुरवणी. 'इथलाच कोसा' असं सगळेच सांगतात. ढिवर लोक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पाळतात हे खरंच, आरमोरीकडे अजूनही चालतं. पण सूत पुष्कळदा छत्तीसगडकडून येतं, आणि ताण्याला बाहेरून आलेलं एकसारखं सूत वापरणारेही आहेत. त्यात लबाडी नाही, कारण ताणा ओढ सहन करतो, जाड-बारीक सूत मागावर तुटत राहतं. तेव्हा 'सूत कुठलं' यापेक्षा 'विणलं कुणी आणि कशावर' हे विचारा. हातमाग की यंत्रमाग याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर पुढच्या घरी.

धोटा
बरोबर. सिल्क मार्कची पट्टी असेल तर उत्तम, पण त्या पट्टीवरून रेशीम शुद्ध आहे एवढंच कळतं, हातमागाचं आहे की नाही ते नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. विणकराच्या घरी दोन्ही नसण्याची शक्यता आहे, तिथं वर सांगितलेली पारखच कामाची.

घरी आणल्यावर: पहिल्या दोन धुलाया ड्रायक्लीन, नंतर रिठ्याच्या पाण्यात, न पिळता, सावलीत. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर घडीवर कापड चिरतं. डांबराच्या गोळ्या थेट साडीला टेकवू नका.

कल्हई_करा_कल्हई
भंडाऱ्याला पितळेचं गाव म्हणतात ते उगीच नाही. भांडं नेहमी वजनावर घ्या. नगावर भाव सांगत असतील तर काट्यावर ठेवायला लावा आणि किलोचा भाव काढा. घडणावळ वेगळी सांगायला सांगा.

तीन गोष्टी:
लोहचुंबक सोबत ठेवा. तळाशी, कडीला, कानाला लावून बघा. पितळ चिकटत नाही. लोखंडावर पितळी मुलामा असेल तर चिकटेल.
पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. कास्याची थाळी टिचकी मारली की लांब घुमते, पितळेचा आवाज लवकर बसतो. पडलं तर पितळ चेपतं, कासं तडकतं. कास्याच्या भावात पितळ विकणारे आहेत, म्हणून हे लक्षात ठेवा.
स्वयंपाकाला गंज घेणार असाल तर आतून कल्हई करून घ्या. कल्हई म्हणजे तापवलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथलाचा थर फिरवणं. थर एकसारखा पांढरा हवा, मधे पिवळे डाग राहिले तर तिथं आंबट पदार्थ कळकतो. आमटी, कढी, अंबाडी हे बिनाकल्हईच्या पितळेत नकोच. आणि कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, कल्हई पुसली जाते, मग कल्हईवाल्याला दोष.

शोभेच्या भांड्यांवर बाहेरून लाखेसारखा पारदर्शक थर असतो, चमक टिकावी म्हणून. ते चुलीवर चढवायचं नाही.

सातपुडा_फेरी
जुनं पितळ देऊन नवं घेता येतं का? घरी मोड पडलेली आहे.

कल्हई_करा_कल्हई
घेतात. पण मोडीचा भाव आणि नव्याचा भाव वेगवेगळा विचारा, 'वर एवढे द्या' असा एकरकमी हिशोब मान्य करू नका. तांब्याची मोड पितळेत मिसळून देऊ नका, तांब्याला जास्त भाव असतो.

कामटी
बांबू. इथं दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा माल वेगळा.

पहिली वाट बुरुडाची: सूप, दुरडी, हारा, टोपली, कणगी, तट्टे. हे आठवडी बाजारात मिळतं. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडच्या कुठल्याही मोठ्या गावच्या बाजारात बुरुडांची रांग असते. बाजाराचा वार गावागणिक वेगळा, आदल्या मुक्कामी चहाच्या टपरीवर विचारा. दुसरी वाट संस्थांची: दिवे, ट्रे, फर्निचर, राख्या. मेळघाटात लवादा इथलं संपूर्ण बांबू केंद्र, आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र. तुमच्या मार्गावर दोन्ही येतात. रोजच्या वापराचं बुरुडाकडून, प्रक्रिया केलेलं दिवाणखान्याचं संस्थेकडून, अशी वाटणी करा.

बांबूचा शत्रू एकच, भुंगा. बांबूत साखर-पिष्ट असतं, ते खायला तो येतो. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू लवकर पोखरला जातो. पावसाळा सरल्यावर तोडलेला, तीनेक वर्षांचा बांबू टिकतो. म्हणून डिसेंबर ही खरेदीची चांगली वेळ. वस्तू पांढऱ्या कागदावर आपटा. मैद्यासारखी पिवळसर भुकटी पडली तर घेऊ नका, किती का सुंदर असेना.

दुसरं, कामटी (बांबू चिरून काढलेली पट्टी) कुठली आहे ते बघा. बांबूच्या सालीकडची कामटी चिवट आणि तुकतुकीत, पोटाकडची मऊ आणि लवकर मोडणारी. चांगल्या सुपात आडव्या-उभ्या दोन्ही सालीच्या असतात. स्वस्त सुपात साल फक्त वरून दिसेल अशी लावतात आणि बाकी पोट. उलट करून नख दाबा, पोटाच्या कामटीवर वण उठतो. काठाचा वेढा दोन्ही बाजूंनी ओढून पाहा, वेत किंवा वाक सैल असेल तर सहा महिन्यांत सूप उकलतं.

मोहाडीची_माय
आणि नवं सूप तसंच वापरू नका. मेथ्या रात्रभर भिजवून वाटायच्या, कागदाच्या लगद्यात मिसळायच्या, सुपाला दोन्ही बाजूंनी हातानं सारवायचं, सावलीत दोन दिवस वाळवायचं. फटी बुजतात, तीळ-रवा सांडत नाही. शेणानं सारवणारेही आहेत, पण पीठ-धान्याला मेथी बरी. उन्हात वाळवलं तर लगदा तडकून पोपडे निघतात.

कामटी
लाख मोलाचं. भुंग्यासाठी घरी करायचं असेल तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक अॅसिड, वस्तू पूर्ण बुडवून तीन-चार दिवस, मग सावलीत वाळवणं. पण हे दिवा, शोभेची टोपली, पडदा यांच्यासाठी. सूप, पोळीची दुरडी, भाजीची टोपली यांना हे द्रावण अजिबात नको. पावसात भिजणाऱ्या वस्तूतून ते धुऊनही जातं.

बहिरमची_हंडी
मातीच्या भांड्याबद्दल कोनी बोललंच नाई म्हून लिवतो. तुमी डिसेंबरच्या शेवटी येता म्हंजे बहिरमची जत्रा सुरूच असन. परतवाड्याहून बैतूल रोडनं जा. चांदूर बाजार तालुक्यात येते. तिथं हंडीतलं मटन आन रोडगे खाले लोक येतेत, आन हंड्याइची तर रांगच लागून रायते. तुमाले हंडी पायजे तर तिथूनच घ्या.

पयले वाजवून पाहा. बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखण आवाज आला तं भाजलेली बराबर हाय. बद्द आवाज आला तं एकतर कच्ची, नाई तं बारीक चीर हाय. चीर डोयाले दिसत नाई, आवाज सांगते.

मंग आत हात घालून पांढरे ठिपके पाहा. आपल्या काया मातीत चुन्याचे खडे असते. कुंभारानं माती नीट चाळली नाई तं खडा भांड्यात जाते, भट्टीत त्याचा कळीचा चुना होते. घरी आनल्यावर ओल लागली का तो चुना फुगते आन तिथून खपली उडते, भांड्याले भोक पडते. जत्रंत चांगली दिसलेली हंडी पंधरा दिवसानं फुटते त्याचं कारन हेच. ठिपका दिसला का ठेवा खाली.

घरी नेल्यावर एक रात्र पान्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुसून, आतून तेल चोपडून, भाताची पेज भरून मंद आचेवर अर्धा तास. पेज छिद्रांत बसते, गळ थांबते. एकदम मोठा जाळ नाई, तापल्या हंडीत गार पानी नाई. गॅसवर ठेवाची असन तं खाली लोखंडी जाळी ठेवा, जाळ एका जागी लागला का तिथूनच फाटते.

सातपुडा_फेरी
हे उत्तम. बहिरम मार्गात घेतलं. रोज वापरायला चहाचे कप, बरण्या असं मातीतलं वाटेत कुठे?

मोहर्ली_रोड
ताडोब्याहून वर्ध्याकडे जाताना भद्रावती लागतं. तिथला ग्रामोदय संघ मातीकामाची जुनी संस्था आहे, थांबा. चकचकीत झिलई असलेलं काहीही घेताना एकच प्रश्न: झिलईत शिसं आहे का, खाण्यापिण्याला चालतं का? उत्तर गोल असेल तर फुलदाणी म्हणून घ्या, लोणच्याला नको. लोणच्याचं आम्ल शिसं ओढून घेतं.

आता ताडोब्याच्या फाटकांजवळची दुकानं. वाघाचं चित्र असलेले टी-शर्ट, किचेन, लाकडी वाघ हे बहुतेक शहरातल्या ठोक बाजारातून येतं, 'आदिवासी कला' अशी पाटी असली तरी. विचारायचा प्रश्न: 'हे कुठल्या गावात बनलं?' गावाचं नाव आलं तर पुढे बोला.

एक गंभीर गोष्ट. जत्रांत आणि जंगलाजवळच्या बाजारात कुणी सांबर-चितळाची शिंगं, साळिंदराचे काटे, घोरपडीचं तेल, नखं दाखवली तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. 'हत्ताजोडी' म्हणून सुपारीच्या डबीत शेंदूर लावून जे मूळ विकतात, ते मूळ नाही, घोरपडीच्या नराचं इंद्रिय असतं. पैसा येतो म्हणून तिजोरीत ठेवतात, येतो तो वनखात्याचा माणूस.

थेट_शेतातून
खाण्याच्या वस्तूंत हंगाम बघा, नाहीतर जुना माल गळ्यात पडतो.

भिवापूर पवनी आणि नागभीडच्या मधे आहे, मिरचीला मानांकन आहे. डिसेंबरअखेर नवी लाल मिरची नुकतीच सुरू होते. भिवापुरी आखूड असते. लांब, सुरकुतलेली संकरित मिरची त्याच नावानं विकतात. मूठभर कानाशी धरून हलवा, बिया खुळखुळल्या पाहिजेत. वजन वाढवायला पाणी मारलेली मिरची वाकते, मोडत नाही, आणि पोत्यात बुरशी धरते. देठासकट घ्या, देठ काढलेली लवकर हवा धरते.

वायगावची हळद समुद्रपूर तालुक्यातली, तुम्ही जाम चौकाजवळून जाणारच. पण नवी हळद काढून, शिजवून, वाळवून यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. डिसेंबरात मिळेल ती गेल्या वर्षीची. चालते, फक्त पूड न घेता हळकुंडं घ्या. मोडलं की कट्ट आवाज, आत गडद केशरी. बाहेरून अती पिवळंजर्द आणि आत फिकं असेल तर रंग चढवलाय.

भंडाऱ्याचा चिन्नोर: नवा तांदूळ तेव्हा निघालेला असतो, वास भरपूर पण भात गिच्च होतो. मऊ भात आवडत असेल तर नवा, मोकळा हवा तर गेल्या सालचा मागा. चिन्नोरचा दाणा बारीक आणि लहान असतो. लांब दाण्याचा 'चिन्नोर' दुसराच काही.

मोहफुलं तेव्हा ताजी नसतात, ती मार्च-एप्रिलची. चारोळी आणि मध मेळघाटात मिळतो. मध पाण्यात टाकून, कागदावर टाकून होणाऱ्या परीक्षा निकामी आहेत, साखरेचा घट्ट पाकही पास होतो. मध थंडीत गोठला तर तो खराब नाही, बरणी कोमट पाण्यात ठेवा. चिखलदऱ्याची कॉफी थोडीच निघते, भाजलेले दाणे घ्या, पूड नको.

गोपुरी_रस्ता
वर्ध्यात मगन संग्रहालय आणि गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ, दोन्ही बघण्यासारखी आणि घेण्यासारखी. संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ साली गांधीजींनी केलं, ग्रामोद्योगाची अवजारं तिथं मांडलेली आहेत. ती पाहून मग कापड घेतलं की भाव कशाचा आहे ते कळतं. खादी शिवण्याआधी पाण्यातून काढा, आटते. नैसर्गिक रंगाचं कापड उन्हात वाळवू नका. नीळ पहिल्या दोन-तीन धुलायांत सुटते, वेगळी धुवा.

सातपुडा_फेरी
लाकडी बैलाचं?

तान्हा_पोळा
तान्हा पोळा (पोरांच्या लाकडी बैलांचा सण) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात. बाजार तेव्हाच भरतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठ्या नंद्यांसाठी प्रसिद्ध, वर्धा जिल्ह्यातच आहे. डिसेंबरात तयार माल कमी, पण सुताराकडे वेळ असतो. नागपूरहून निघतानाच सांगून ठेवलं तर परतीला मिळेल. लहान पोरासाठी एक वीतभर उंचीचा पुरे.

लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचा बैल हातात जड लागतो आणि उन्हाळ्यात पाठीपासून पोटापर्यंत तडकतो. रंगाआधी बघायला मागा, रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली भेग लपते. चाकाचा आस लाकडी खुंटीचा असेल तर फिरवून बघा, अडकत असेल तर तिथंच रंधा मारून घ्या. शिंगं वेगळी ठोकलेली असतील तर खिळा नको, खुंटी आणि डिंक हवा. खिळ्यावरचं शिंग पोरगं पहिल्या दिवशी उपटतं.

कामटी
क्रम बदला एवढंच म्हणेन. पितळ आणि साड्या पहिल्या दिवशी घेतल्या तरी चालतात. सुपं-दुरड्या वर बांधून न्या, त्यांच्यावर काही ठेवू नका, दबलेलं सूप परत सरळ होत नाही. बांबूच्या वस्तू बंद प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, दोन दिवसांत काळे ठिपके धरतात.

बहिरमची_हंडी
आन हंड्या सगळ्यात शेवटी. पन त्याच्यासाठी तणस (धानाचा पेंढा) भंडाऱ्यातूनच भरून आना, पोतंभर. आमच्याकडं धान नाई, तणस कुठून भेटन. ज्वारीचा कडबा घातला तं टोचते, हंडी हलते. प्रत्येक हंडीत तणस ठासून भरा, दोन हंड्याइच्या मधे चार बोटं थर द्या, तोंड खाली करून ठेवा.

सातपुडा_फेरी
तणस पवनीला भरून घेतो. दोन पोती पुरतील का, हंड्या सहा आणि मडकी चार?

मोहाडीची_माय
पुरेल जी. पण कोरडं बघून घ्या. दव पडलेलं तणस गाडीत दोन दिवसांत गरम होतं, वास मारतं, आणि तो वास मडक्यात बसतो.